नाशकात सोनटक्का फुलवायचा तर

देवरुखच्या आत्याने सोनटक्क्याचे कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने पाठवले, तेव्हा सोबत एकच सूचना होती: "मातीत टाक आणि विसरून जा." तिच्या जागी तिचं बरोबर होतं. तिच्याकडे विहिरीच्या पन्हळाशी सोनटक्का इतका माजतो की दर वर्षी उपटून गडग्यापलीकडे टाकावा लागतो. मीही नाशिकच्या इंदिरानगरात तो मातीत टाकला आणि विसरले. पहिल्या वर्षी गुडघाभर पानं आली, टोकं करपली, दिवाळीनंतर सगळं वाळून गेलं. दुसऱ्या वर्षी खांद्याएवढा वाढला, पण फूल एक नाही. तिसऱ्या वर्षी गौरी बसल्या त्या संध्याकाळी पहिला तुरा उमलला. का उमलला ते मात्र पुढच्या पावसाळ्यात कळलं. आदल्या वर्षी पावसाने दडी मारली होती, नेमका त्याच दिवसांत आमच्या मोरीचा पाइप फुटला होता आणि त्याचं पाणी गुपचूप सोनटक्क्याच्या बुडाशी जात होतं.

नाशकात सोनटक्का उन्हाळ्याने जातो, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. एप्रिल-मेमध्ये आपण सगळेच पाइप धरून उभे असतो. जून लागला, दोन सरी पडल्या की पाइप गुंडाळून माळ्यावर टाकतो आणि झाड पावसाच्या हवाली करतो. कोकणात ते चालतं, तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या इगतपुरीतही चालेल. नाशिक शहरात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भुरभुर, आणि मध्ये आठ-आठ दिवस उघडीप. सोनटक्क्याच्या दांड्याच्या टोकाशी तुरा तयार होतो तो याच दिवसांत. म्हणजे इथला सोनटक्का मे महिन्यात तगतो आणि श्रावणात हुकतो. पुढचं सगळं वाचताना एवढं डोक्यात राहू द्या.

नक्की सोनटक्काच आहे ना?

हे विचारायचं कारण आहे. एका नर्सरीतून मी 'पांढरा सोनटक्का' म्हणून दोन कुंड्या आणल्या होत्या. तीन महिन्यांनी त्यांना लालभडक कर्दळ फुलली. फूल नसताना दोन्हींत गफलत होते खरी, पण ओळखणं अवघड नाही. कर्दळीचं पान केळीच्या लहान पानासारखं रुंद असतं. सोनटक्क्याचं पान अरुंद, भाल्यासारखं टोकदार, आणि ती पानं दांड्याच्या दोन्ही बाजूंना शिडीच्या पायऱ्यांसारखी एकाच पातळीत बसतात. दांड्याभोवती गोल जिन्यासारखी फिरत चढत असतील तर ते पेव. तरीही शंका राहिली तर कंदाला नख लावून वास घ्या. आल्याचा उग्र, किंचित कापरासारखा वास आला पाहिजे. कर्दळीच्या कंदाला तो नसतो.

शास्त्रीय नाव हेडीकियम कोरोनेरियम. वनस्पतिशास्त्रज्ञ योहान कोनिग यांनी १७८३ मध्ये हे नाव दिलं. हेडीकियम हे ग्रीक शब्दांवरून आलं, 'गोड' आणि 'बर्फ'. कोरोनेरियम म्हणजे माळेत गुंफायचं. आपल्या बायका त्याचा गजरा करतात हे नावातच आलं म्हणायचं. आलं, हळद, वेलची यांच्याच कुळातलं हे झाड, मूळचं पूर्व हिमालयाच्या पट्ट्यातलं. तिथून जगभर गेलं. क्यूबात तर ते राष्ट्रीय फूल आहे, तिथे त्याला मारीपोसा, म्हणजे फुलपाखरू म्हणतात. फुलात आपल्याला फुलपाखराच्या पंखांसारखा दिसणारा पांढराशुभ्र भाग पाकळ्यांचा नसतोच, ते वांझ पुंकेसर रुंदावून झालेले असतात. खऱ्या पाकळ्या तीन, बारीक, मागे लोंबणाऱ्या. मुलांना फूल सोडवून दाखवा, त्यांना मजा वाटते.

काही ठिकाणी यालाच गुलबकावली म्हणतात आणि डोळ्यांत अर्क घालायचा सल्लाही देतात. झाड लावा, माळा. घरी काढलेला कुठलाही रस डोळ्यांत घालू नका.

जागा

सोनटक्का ओढ्याकाठचा. त्याला ऊन हवं, पण दुपारचं नको. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हवा कोरडी. मार्चनंतर दुपारी वाहणारा वारा पानाच्या कडा ओढून घेतो. घराची पूर्वेची बाजू सगळ्यांत चांगली: सकाळी सात ते अकरा ऊन आणि नंतर भिंतीची सावली. पूर्व नसेल तर आंबा, नारळ किंवा शेवग्याखालची कवडशांची जागा. पश्चिमेच्या भिंतीला लावूच नका. ती भिंत संध्याकाळी सातपर्यंत तव्यासारखी तापलेली असते, झाडाला दुसरं ऊन तिच्याकडून लागतं.

अगदी गडद सावलीही कामाची नाही. तिथे पानं हिरवीगार, लांबच लांब, दांडे वाकलेले आणि फुलाचा पत्ता नाही. दिवसाला चार तासांच्या आसपास कोवळं ऊन मिळालं तर फूल येतं, हा माझा अनुभव.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. सोनटक्का कुंडीत चांगला होतो, फक्त कुंडी रुंद हवी. कंद खाली जात नाहीत, आडवे पसरतात. १६ इंच तोंडाची आणि फूटभर खोल कुंडी किंवा त्याच मापाची ग्रो बॅग घ्या. जुना प्लास्टिकचा टब असेल तर त्याहून उत्तम, मात्र बुडाला चार-पाच भोकं पाडा. बारावा मजला असेल तर वाऱ्याची आडोशाची बाजू शोधा. दीड मीटरचे दांडे जोराच्या वाऱ्यात बुडातून मोडतात.

माती, आणि तिच्यातला चुना

नाशिकची काळी माती पिकाला चांगली, सोनटक्क्याला मात्र एकटी पुरत नाही. पावसात चिकट होते, उन्हात भेगाळते आणि बहुतेक ठिकाणी तिचा सामू (पीएच) साडेसातच्या वर, म्हणजे अल्कधर्मी असतो. सोनटक्क्याला किंचित आम्ल माती आवडते. त्यात नव्या वसाहतींमध्ये बंगल्याभोवती माती कमी आणि बांधकामाचा राडारोडा जास्त. आमच्याकडे फूटभर खणल्यावर सिमेंटची ढेकळं, विटांचे तुकडे आणि एक अख्खं घमेलं निघालं. हे सगळं काढा. सिमेंट आणि चुना मातीत राहिले की पानं पिवळी पडतात आणि आपण उगाच पाण्याला दोष देतो.

जमिनीत लावायचं असेल तर दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा पुरतो. मी भरते ते मिश्रण असं: ४ घमेली गाळाची किंवा पोयट्याची माती, ३ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, २ घमेली भाताचं तूस आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड. घोटीकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिकडे येणंजाणं असेल तर तुसाचं पोतं सहज मिळतं. नाहीतर कोकोपीट, पण ते दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. कुंडीसाठी हेच मिश्रण, फक्त माती एक घमेलं कमी.

शेणखत ताजं नको. ताज्या शेणखतासोबत हुमणीच्या अळ्या येतात आणि त्यांना कंद फार आवडतात. खत मुठीत घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते अजून झालेलं नाही.

राख घालायचा मोह आवरा. आजीच्या हातची सवय असते, चुलीची राख झाडाला. पण राख माती आणखी अल्कधर्मी करते. कोकणातल्या आंबट मातीत ती औषध आहे, आपल्या काळ्या मातीत नाही.

कंद लावणं

हंगाम दोन. मृगाच्या आधीचे आठ-दहा दिवस, म्हणजे मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा, हा सोपा. दुसरा गुढीपाडव्याच्या सुमाराचा. थंडी सरलेली असते, कोंब लवकर निघतात आणि त्याच वर्षी फूल मिळायची शक्यता वाढते, पण मग दोन महिने उन्हाळ्यात पाणी सांभाळायची तयारी हवी. डिसेंबर-जानेवारीत कंद मिळाले तर ते जाळीच्या टोपलीत सावलीत ठेवून द्या. गार ओल्या मातीत झोपलेला कंद कुजतो.

कंद कापताना प्रत्येक तुकड्याला निदान दोन-तीन डोळे हवेत आणि तुकडा तळहाताच्या रुंदीएवढा हवा. आल्याचं बेणं करतात तसे बोटभर तुकडे केले तर उगवतात, पण फुलायला दोन वर्षं लावतात. सुरी पुसून घ्या, कापल्यावर तुकडे एक-दोन दिवस सावलीत ठेवा म्हणजे काप सुकतो. मी कापावर हळद लावते. आधीच्या वर्षी कुजल्याचा अनुभव असेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी मित्रबुरशी) कालवून त्यात तुकडे अर्धा तास बुडवा.

मग कंद आडवा ठेवा, डोळे वर. वर माती फक्त ३ ते ५ सेंटिमीटर. इथे फार जण चुकतात, बटाट्यासारखा खोल गाडतात. आत्याच्या वाड्यात कंद मातीच्या वर डोकावताना दिसतात, त्यांना ते चालतं. दोन कंदांत दोन फूट अंतर ठेवा. सुरुवातीला ती जागा ओकीबोकी वाटते, तिसऱ्या वर्षी तिथे हात घालता येत नाही. १६ इंची कुंडीत एकच मोठा तुकडा, मधोमध नाही तर एका कडेला, कोंबाचं टोक मोकळ्या बाजूकडे. कंद पुढे सरकत वाढतो, त्याला सरकायला जागा हवी.

लावल्यावर एकदा पोटभर पाणी. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती: मूठ दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोचला तर फुटावा. पानं नसलेला कंद पाणी पीत नाही. कोंब तीन ते पाच आठवड्यांत दिसतो. रोज उकरून बघू नका. मी बघितलंय, कोंब मोडलाय.

पाणी

पानं आली की हिशेब उलटतो. आता सोनटक्क्याला पाणी कमी पडता कामा नये. वाढीच्या दिवसांत बुडाशी चार तास पाणी साचलं तरी तो कुरकुरत नाही, एक दिवस कोरडा राहिला तर पानाची सुरळी करून सांगतो. दुपारी दोन वाजता पानं थोडी वळलेली दिसली तर घाबरू नका, ऊन कलल्यावर उघडतात. सकाळी सात वाजताही वळलेली असतील तर तहान खरी.

एप्रिल-मेमध्ये १६ इंची कुंडीला सकाळी चार-पाच लिटर लागतं, संध्याकाळी बोट दोन पेरं आत घालून पाहायचं आणि कोरडं लागलं तर पुन्हा द्यायचं. जमिनीतल्या झाडाला दिवसाआड बादलीभर. या दोन महिन्यांत पाण्याइतकंच आच्छादन महत्त्वाचं. उसाच्या रसवंतीचा चोथा आणून चार दिवस उन्हात वाळवा आणि बुडाशी चार बोटं जाड पसरा. ओला टाकलात तर मुंग्या आणि चिलटं. आच्छादन दांड्याला चिकटवू नका, दोन बोटं मोकळी सोडा. हिरवी ५० टक्क्यांची शेडनेट पश्चिमेच्या बाजूने पडद्यासारखी बांधली तर पानांची टोकं बरीच वाचतात. तरी थोडी करपतातच, इतकी कोरडी हवा आहे. ती कात्रीने कापून टाकायची आणि शेजारच्या काकूंनी विचारलं तर उन्हाळा म्हणायचं.

आता पावसाळा. पाऊस पडतोय आणि झाड तहानलेलं आहे, हे मनाला पटायला मला तीन वर्षं लागली. सोनटक्क्याचा फड दाट झाला की त्याची पानं छत्रीसारखी होतात. बारीक पाऊस पानांवरून ओघळून कुंडीच्या बाहेर पडतो. बाल्कनीत लादी ओली, कपडे वाळत नाहीत, आणि कुंडीतली माती मात्र वरच्या एका इंचाखाली कोरडी ठक्क. बोट घाला, विश्वास बसेल. जमिनीतल्या झाडाला सलग तीन दिवस चांगली सर आली नाही तर चौथ्या दिवशी पाणी द्या, कुंडीतल्याला दुसऱ्याच दिवशी. जुलैचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हे दोन महिने हा नेम मोडू नका. या काळात पाणी तुटलं की दांड्याच्या टोकावरचं हिरव्या खवल्यांचं कणीस तयार होतं, पण आतल्या कळ्या वाळतात, आणि आपण ऑक्टोबरपर्यंत ते बंद कणीस पाहत बसतो.

कुठलं पाणी, हाही प्रश्न आहेच. महापालिकेचं नळाचं पाणी चांगलं. बोअरचं जड असतं, कुंडीच्या कडेला पांढरी खर धरते, त्यामुळे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून मातीतले क्षार धुऊन जाऊ द्या. एसीचं पाणी बेलाशक वापरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र नको. वाया जातंय म्हणून आपण ते झाडांना देतो, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं नाही.

खत

हे झाड खादाड आहे. महिन्यातून एकदा दोन ओंजळी गांडूळखत, जून ते सप्टेंबर. जीवामृत करत असाल तर पंधरा दिवसांनी एकदा, दहापट पाण्यात. युरिया टाळा. युरियाने फड असा उठतो की बघणारे वाहवा करतात आणि फुलं येत नाहीत.

नाशिकमध्ये एक सोय आहे, जी बाकी महाराष्ट्रात सहज नसते. ओळखीत कोणी द्राक्षबागायतदार असतोच, आणि त्याच्या शेडमध्ये विद्राव्य खतांच्या अर्ध्या राहिलेल्या पिशव्या असतात. पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं प्रमाण. जूनच्या शेवटापासून पंधरवड्याने १९:१९:१९, लिटरला २ ग्रॅम. ऑगस्ट लागला की ते थांबवून ०:५२:३४ दोनदा, आणि कणीस दिसल्यावर ०:०:५० एकदा, मात्रा तीच. ओल्या मातीतच द्यायचं. आमच्या पिंपळगावच्या मेव्हण्यांनी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा हसून म्हणाले, "वहिनी, हे तर आमच्या बागेचंच वेळापत्रक झालं."

नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. लोह मातीत असतं, चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. म्हणून नुसतं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकून उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. मातीतूनच द्यायचं असेल तर कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए चिलेट मागा. महाग असतं, पण अल्कधर्मी मातीत तेच टिकतं.

फुलं

नाशकात बहर श्रावणाच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि नवरात्रापर्यंत चालतो. एका कणसातून फुलं आळीपाळीने निघतात, रोज दोन-चार, दोन-अडीच आठवडे. कळी दुपारी चारच्या पुढे फुगते आणि संध्याकाळी उमलते. अंधार पडल्यावर वास खरा सुटतो, कारण तो आपल्यासाठी नसून पतंगांसाठी असतो. एक फूल एक रात्र आणि दुसरा दिवस, नंतर पिवळट पडून मऊ होतं.

गजऱ्यासाठी फुलं उमलल्यावर तोडू नका. दुपारी फुगलेल्या कळ्या देठासकट काढा, ओल्या फडक्यात ठेवा, माळायच्या तासभर आधी बाहेर घ्या. फुलं नाजूक आहेत, मोगऱ्यासारखी ओवली तर डागाळतात, म्हणून दोऱ्याने देठाला आढी मारत बांधतात. फुलदाणीत ठेवायचं असेल तर अख्खा दांडा कापा, पानं निम्मी काढा, पाणी रोज बदला. चार दिवस कळ्या उमलत राहतात.

फूल आलंच नाही तर कारणं शोधायचा माझा क्रम असा. पहिलं, श्रावणात पाणी तुटलं का. दुसरं, ऊन कमी पडतंय का. तिसरं, कंद लहान होता का, तसं असेल तर एक वर्ष थांबा. चौथं कारण माळीदादा. एका दांड्याला आयुष्यात एकदाच, टोकाला फूल येतं. 'जरा छाटून नीट केलं ताई' म्हणत जुलैमध्ये कोणी शेंडे कापले की त्या वर्षीचा खेळ संपला. आमच्याकडे हे दोनदा झालंय. आता मी फडाभोवती सुतळी बांधते.

फुलून गेलेले दांडे मात्र बुडाशी कापायचेच. न फुललेले हिरवे दांडे ठेवायचे.

थंडी

निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो. सोनटक्क्याचं तेवढं नाही. वरची पानं तपकिरी होतात, दांडे वाळतात, कंद मातीत सुखरूप असतो. दिवाळीनंतर पाणी हळूहळू कमी करा, डिसेंबर-जानेवारीत कुंडीला आठवड्यातून एकदा, तेही थोडं. खत अजिबात नाही. वाळलेलं कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरा. अनेकांना वाटतं झाड मेलं, आणि कुंडी रिकामी करतात. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत धीर धरा. कोंब वर येताना गुलाबी-हिरव्या टोकाचे दिसतात, ते दिसले की पाणी वाढवा.

रोग, किडी

फार नाहीत. उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. चार दिवस रोज सकाळी पाइपने पानांची खालची बाजू जोरात धुवा, बहुतेक तेवढ्याने जातात. गंधकाची भुकटी कोणी सुचवली तर भर उन्हाळ्यात फवारू नका, पानं भाजतात.

मधली सुरळी एकटीच पिवळी पडून वाळली आणि दांड्याला भोक, भोकाशी भुसा असेल तर खोडकिडा आहे. हा आल्याला, हळदीला, वेलचीलाही लागतो. तो दांडा बुडापासून कापून पिशवीत बांधून बाहेर टाका. दांड्याचं बूड मऊ होऊन सहज उपटून आलं आणि वास मारला तर कंदकूज. खराब भाग कापा, उरलेला सुकवा, माती बदला.

पान टोकाशी दुमडून आत हिरवट अळी बसलेली दिसली तर मी काही करत नाही. ती आलं-हळदीच्या कुळावर जगणाऱ्या एका तपकिरी फुलपाखराची असते, त्याच्या मागच्या पंखावर पांढरा मोठा डाग असतो. चार पानं गेली तर गेली.

वाटणी

तीन वर्षांनी फड मधून पोकळ होतो, कंद कडेला येतात आणि कुंडी असेल तर फुगते किंवा तडकते. मेच्या शेवटी सगळं उकरून काढा, मधले जुने, लाकडासारखे कंद टाकून द्या, कडेचे जाड आणि डोळेदार ठेवा. टाकायचे ते वाळवून मग कंपोस्टात. नासर्डी नदीच्या काठाला किंवा नाल्यात फेकू नका. ब्राझीलमध्ये आणि हवाई बेटांवर याच झाडाने पाणथळ जागा व्यापून स्थानिक झाडं मागे रेटली आहेत. नाशिकमध्ये इतका माजेल असं नाही, पण त्र्यंबक-इगतपुरीकडे ओढ्याकाठी माजायला त्याला काहीच अडचण नाही.

भावंडांबद्दल थोडं

सोनटक्का जमला की बाकीच्यांचा मोह होतो. पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचं शेल जिंजर नाशकात सहज जमतं, फुलासाठी नाही, पानांसाठी लावा, आणि त्याला सोनटक्क्यापेक्षा कमी पाणी पुरतं. पेव आपल्याच डोंगरातलं, पावसात त्र्यंबकच्या रस्त्याने पांढरी फुलं आणि लाल कणसं दिसतात. जंगलातून उपटू नका, नर्सरीत मिळतं. लाल जिंजर म्हणजे अल्पिनिया पुरपुराटा जरा नखरेल, आपल्या थंडीत मागे पडतं, कुंडीत ठेवून डिसेंबरमध्ये आत घेतलं तर चालतं. टॉर्च जिंजरच्या मागे मात्र लागू नका. दोन वेळा लावलं, दोन्ही वेळा मार्च पाहिला नाही.

कंद कोणाला द्यायचे असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम धरून दोन दिवसांत बुरशी येते. वर्तमानपत्रात गुंडाळून गोणपाटात, आणि डोळ्यांची बाजू कुठली ते खडूने लिहून. मी यंदा सात जणींना दिले. प्रत्येकीच्या पुडीत एक चिठ्ठी ठेवली: नागपंचमीपासून पितृपक्षापर्यंत रोज बोट घालून बघ.